एकमेकांच्या घरी प्रार्थनेला बसताना

नाशिकमध्ये आम्ही ख्रिस्ती लोक मुळात थोडे, आणि थोडे असूनही किती ठिकाणी विभागलेले! शरणपूर रोडला आमची सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची मंडळी, त्र्यंबक नाक्याकडे आणि नाशिक रोडला कॅथलिक, आणि सातपूर, अंबड, सिडकोकडे भाड्याच्या खोल्यांत भरणाऱ्या पेंटेकॉस्टल संगती. आम्ही एकमेकांच्या लग्नाला जातो, मयतीला जातो, नाताळात करंज्यांची ताटं इकडून तिकडे फिरतात. पण गुडघे टेकायची वेळ आली की जो तो आपापल्या दारात. गेली काही वर्षं आमच्यापैकी काही जण ही सवय मोडायचा प्रयत्न करतोय. ते कसं जमलं, कुठे अडलं आणि अजून कुठे अडून आहे ते लिहून ठेवते आहे. असं काही करू पाहणारे लोक इतर गावांतही असतील, त्यांना उपयोग व्हावा.

मी नर्स होते. सगळी नोकरी वॉर्डात गेली. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, दुसऱ्या लाटेत, माझी निवृत्ती जवळ आली होती आणि ड्यूटी कोविड वॉर्डात होती. नाशिकनं ते दिवस कसे काढले हे इथल्या कोणालाच सांगायला नको. रात्री पेशंट हात धरून म्हणायचे, "सिस्टर, देवाचं नाव घ्या." तुम्ही कोणत्या मंडळीचे, असं मी कोणाला विचारलं नाही. ख्रिस्ती आहात का, हेही नाही. त्याच दिवसांत आमच्या ओळखीतल्या एका पेंटेकॉस्टल घरातली आई गेली. त्यांचे पास्टर स्वतःच ऑक्सिजनवर होते. मातीला चार माणसं, आणि वचन वाचायला उभे राहिले ते नाशिक रोडच्या चर्चमधले एक वयस्कर कॅथलिक धर्मशिक्षक. अंगावर पीपीई किट होतं, त्यामुळे आवाज घुसमटल्यासारखा येत होता. त्यांनी तेविसावं स्तोत्र म्हटलं. ते संपेपर्यंत मुलगा मान खाली घालून सोबत म्हणत राहिला.

साथ ओसरली आणि आम्ही पुन्हा आपापल्या दारांआड गेलो. त्या मुलाची आणि त्या काकांची नंतर भेटसुद्धा झाली नाही. मला हे सहन होईना. जे मरणाच्या वेळी चालतं, ते जगताना का चालू नये, एवढाच माझा प्रश्न होता, आणि तो घेऊन मी आमच्या पाळकांकडे गेले.

ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो, १८ ते २५ जानेवारी. १९०८ पासून तो चालत आलाय आणि जगभर पाळला जातो. दर वर्षी वेगळ्या देशातले ख्रिस्ती त्याची प्रार्थना लिहून तयार करतात. आपल्याकडेही एखाद्या वर्षी एखादी संध्याकाळ होते. दोन गायक-मंडळं गातात, दोन भाषणं होतात, चहा-समोसा, एक फोटो, आणि पुढच्या जानेवारीपर्यंत सामसूम. मी पाळकांना म्हटलं, एक संध्याकाळ नको, वर्षभर काहीतरी करू या. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, लोकांना बोलवायच्या आधी पुढाऱ्यांना भेटा. एकेकट्याला. आणि ऐकायला जा, सांगायला नको." हा सल्ला सोन्यासारखा ठरला. त्यांनी मला लोकांना पत्र पाठवायला लावलं असतं, तर काहीच उभं राहिलं नसतं.

फादरांना भेटणं सोपं गेलं. त्यांनी आनंदानं होकार दिला आणि लगेच एक अडचण समोर ठेवली. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, एकत्र घेता येणार नाही, त्यांच्या चर्चच्या शिस्तीत ते बसत नाही, आणि हे झाकून पुढे जायला नको. मला ते स्पष्ट बोलणं आवडलं. सातपूरच्या पास्टरांकडे गेले तेव्हा मात्र त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही मला का बोलावताय? तुमच्याच चर्चचे लोक मला मेंढरं पळवणारा म्हणतात."

हे खरं होतं. मीही ते ऐकलेलं होतं. आमच्या मंडळीतली काही कुटुंबं त्यांच्याकडे गेली होती, आणि ती जखम दोन्ही बाजूंना ओली होती. आमच्या लोकांना वाटे, आम्ही बाप्तिस्मा दिला, रविवार शाळेत शिकवलं, लग्नं लावली, आणि हे आयती माणसं घेऊन गेले. त्यांच्या बाजूनं ऐकलं तेव्हा दुसरंच चित्र दिसलं. आजारी माणसाच्या घरी रात्री दोन वाजता कोण गेलं? कामावरून काढलेल्या पोराला कोणी जेवू घातलं? पास्टर म्हणाले, "मी कोणाला बोलवायला गेलो नाही. ते दार वाजवत आले." मी त्यांना उत्तर दिलं नाही. ऐकायला जायचं ठरलं होतं, ऐकून घेतलं. निघताना ते स्वतःच म्हणाले, "येतो. पण तिथे कोणी मला शिकवायला लागला तर उठून जाईन."

त्यावरून आमचा पहिला नियम ठरला. बैठकीत उपदेश कोणीच करायचा नाही, ना फादरांनी, ना पाळकांनी, ना पास्टरांनी. वचन वाचायचं, थांबायचं, ज्याला काही लागलं त्यानं ते आपल्या जगण्यातून सांगायचं. कोणी दुसऱ्याची मंडळी सोडायला सुचवायचं नाही. खोलीत बोललेलं खोलीतच राहील. आणि ज्याच्या घरी बैठक, त्याच्या घरची प्रार्थनेची रीत. कॅथलिक घरात मेणबत्ती आणि क्रूस असेल, पेंटेकॉस्टल घरात टाळ्या आणि मोठ्यानं प्रार्थना असेल, आमच्या घरी छापील उपासना आणि पेटी. पाहुण्यानं रीत मानायलाच हवी असं नाही, पण नावं ठेवायची नाहीत.

जागेवरून थोडी ओढाताण झाली. चर्चचा हॉल घेतला तर तो एकाचा होतो आणि बाकीचे पाहुणे. म्हणून घरोघरी, आळीपाळीनं, महिन्यातून एकदा. सुरुवात माझ्या घरी झाली.

पहिल्या बैठकीत लोक आपापल्या गटानं बसले, एकीकडे सीएनआयच्या बाया, दुसरीकडे कॅथलिक जोडपी, दाराजवळ सातपूरकर. योहानाचा सतरावा अध्याय वाचला. पकडून नेण्याआधी येशू आपल्या लोकांसाठी प्रार्थना करतो, की हे सगळे एक व्हावेत. वाचून झालं, शांतता झाली, आणि कोणी काही बोलेना. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणायला घेतली. ही तरी सगळ्यांची एकच आहे, असं मनात होतं. छान सुरू झाली, आवाज एकमेकांत मिसळले. "वाइटापासून आम्हांला सोडव"पर्यंत आलो, आणि कॅथलिक मंडळी "आमेन" म्हणून थांबली. आमचे लोक त्याच दमात पुढे गेले, "कारण राज्य, सामर्थ्य व गौरव..." अर्धी खोली गप्प, अर्धी खोली बोलतेय. एका आजोबांचा आवाज मध्येच विरला, त्यांना वाटलं आपलं काही चुकलं. मग एका कॅथलिक सिस्टरांनी, म्हणजे ननबाईंनी, समजावून सांगितलं, की त्यांच्या मिस्सामध्येही, म्हणजे मुख्य उपासनेतही, हे शब्द आहेतच, फक्त मध्ये धर्मगुरूची एक छोटी प्रार्थना येते आणि मग सगळे ते म्हणतात. म्हणजे शब्द तेच, मध्ये एक श्वास जास्त. त्या दिवसापासून आम्ही तिथे सगळेच थांबतो. थोडा वेळ कोणीच बोलत नाही, मग सगळे मिळून पुढची ओळ म्हणतो. हे कोणी ठरावानं मंजूर केलं नाही, आपोआप रूढ झालं. त्या थांबण्यात मला दर वेळी खूप काही ऐकू येतं.

पुढच्या काही बैठकींत आम्ही एक काम केलं ज्याचा मला फार फायदा झालेला दिसला. प्रत्येकानं आपलं कुटुंब कोणत्या चर्चमध्ये कसं आलं ते सांगायचं. ऐकत गेलो तसं लक्षात आलं, की आमच्यातल्या कोणीही हे चर्च तौलनिक अभ्यास करून निवडलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतले होते. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरकडे, इंग्लंडची सीएमएस, म्हणजे चर्च मिशनरी सोसायटी, नाशिककडे. ज्या गावात जे मिशन पोचलं, त्या गावचे ख्रिस्ती त्या पंथाचे. माझे आजोबा नगर जिल्ह्यातले, म्हणून काँग्रिगेशनल, म्हणजे त्या अमेरिकन मिशनच्या पंथाचे. कामासाठी नाशिकला आले, इथे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या पंथाचं, चर्च होतं, तिथे जाऊ लागले. ज्या भेदांवरून आम्ही आज एकमेकांकडे तिरकं बघतो, त्यातले निम्मे तर दूरदेशीच्या कमिट्यांनी आखलेल्या हद्दी आहेत!

आणि त्याच हद्दी पुसायला आपल्या माणसांनी किती कष्ट घेतले! उत्तर भारतातल्या चर्चेसच्या ऐक्याची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय झाली. चाळीस वर्षं लागली. बाप्तिस्मा बाळाला द्यायचा की मोठेपणी विश्वास धरल्यावर, बिशप असावेत की नसावेत, यावर वर्षानुवर्षं बसून बोलले. बाप्तिस्म्याच्या बाबतीत शेवटी दोन्ही रिती एकाच चर्चमध्ये ठेवायचं ठरलं. एक मोठं मेथडिस्ट चर्च अगदी शेवटच्या महिन्यांत बाजूला झालं, तरी बाकीचे थांबले नाहीत. आमच्या बैठकीत एक मेथडिस्ट जोडपं आहे. त्यातले काका म्हणाले, "माझे वडील तेव्हा फार रडले होते. ते ऐक्याच्या बाजूनं होते." मला ही गोष्ट सीएनआयमध्ये वाढून कधी कोणी सांगितली नव्हती.

आमच्या शरणपूरचंच घ्या. सीएमएसनं १८५० च्या दशकात ही वसाहत उभी केली तेव्हा इथे कोण कोण राहत होतं! गावकुसाबाहेरून आलेली माणसं, दुष्काळात अनाथ झालेली मुलं, आणि गुलामांच्या गलबतांवरून सोडवून मुंबईमार्गे आणलेली पूर्व आफ्रिकेची मुलं. ती इथे सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी संशोधक डॉ. लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. आमच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. इथल्या मातीत हे सगळं झालेलं आहे, आणि आम्ही सिडको ते शरणपूर एवढं अंतर कापू शकत नाही, हे माझ्या मनाला फार लागलं.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती लिहायला जड जाते, पण तिच्याशिवाय बाकी सगळं पोकळ आहे. आमच्यात सर्वांत खोल भेद पंथाचा नाही, जातीचा आहे. एका बैठकीनंतर चहा चालला होता. एका मावशींनी मुलाच्या लग्नाचा विषय काढला आणि समोरच्या बाईंना सहज विचारलं, "तुम्ही मूळचे कोण?" हा प्रश्न आपल्या लोकांत कोणालाही कळतो. चार पिढ्या ख्रिस्ती असू, रविवारी एकाच बाकावर बसू, पण सोयरिकीच्या वेळी हा प्रश्न येतोच. त्या बाई काही बोलल्या नाहीत. कप खाली ठेवला. बोलले ते त्यांचे यजमान. सांगू लागले, की आजोबांच्या गावात चर्च एकच होतं पण सतरंज्या दोन होत्या, आणि प्रभुभोजनाच्या वेळी कोणी आधी पुढे जायचं हेही ठरलेलं होतं. एके वर्षी आजोबांनी ते मोडलं, तर त्यांच्याशी गावातल्या ख्रिस्ती लोकांनीच बोलणं टाकलं. "आम्ही नाशिकला आलो ते कामासाठी नाही," ते म्हणाले, "त्या सतरंजीपासून लांब जायला आलो."

खोलीत कोणाला काय बोलावं कळेना. मावशी उठल्या, त्या बाईंजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी हा प्रश्न माझ्या सासूकडून शिकले. पुन्हा विचारणार नाही." त्या रात्री प्रार्थना लांबली. पौल करिंथकरांना लिहितो ना, कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी म्हणतो मी अपुल्लोसाचा, तर काय ख्रिस्ताचे तुकडे झाले आहेत? तो अध्याय आम्ही आधीही वाचला होता. त्या रात्री तो आमच्यावर उघडला.

त्यानंतरच एका तरुणानं तोंड उघडलं. तो घरात ख्रिस्ती, कागदावर हिंदू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची ओळख हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. वडिलांनी मुलांच्या शिक्षणासाठी जुनी जात दाखल्यावर तशीच राहू दिली. तेव्हापासून हा मुलगा चर्चच्या रजिस्टरमध्ये नाव द्यायला घाबरतो, बाप्तिस्म्याचा फोटो काढू देत नाही, आणि चर्चमधले लोक त्याला अर्धवट विश्वासाचा समजतात. "मी दोन्हीकडे खोटा ठरतो," तो म्हणाला. त्याचं बरोबर की चूक, हे आम्ही ठरवायला बसलो नाही. ज्या कायद्यानं त्याला या पेचात टाकलं, तो त्यानं केलेला नाही. पण ही गोष्ट त्यानं आपल्या पाळकांनाही सांगितलेली नव्हती, ती त्यानं दुसऱ्या चर्चच्या लोकांसमोर सांगितली. मला वाटतं आमच्या बैठकीला त्या दिवशी पाया मिळाला. विश्वास ठेवा असं सांगून कोणी विश्वास ठेवत नाही. आपलं गुपित दुसऱ्याच्या हातात देऊन ते सुखरूप राहतं का हे माणूस पाहतो.

प्रभुभोजनाचं दुःख मात्र तसंच आहे. एका वर्षी पवित्र आठवड्यात आम्ही एकमेकांच्या उपासनेला जायचं ठरवलं. गुड फ्रायडेला आमच्याकडे वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन झालं, आणि त्यातले दोन उद्गार कॅथलिक सिस्टरांनी आणि सातपूरच्या पास्टरांनी घेतले. ते फार सुंदर झालं. पण आदल्या दिवशी, गुरुवारी, आम्ही कॅथलिक चर्चमध्ये होतो. पाय धुण्याचा विधी झाला, मग ख्रिस्तप्रसादासाठी, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनासाठी, रांग लागली, आणि आम्ही जागेवर बसून राहिलो. माझ्या शेजारची कॅथलिक मैत्रीण रांगेतून परत आली आणि तिनं माझा हात धरला. दोघींनाही रडू आलं. हे दुःख लवकर मिटवायची घाई करू नये, असं माझं मत झालं आहे. ज्यांना एकत्र जेवावंसंच वाटत नाही त्यांना ते जाणवत नाही.

आणि मग आमच्या ऐक्याची खरी परीक्षा झाली.

सातपूरच्या संगतीची खोली गेली. शेजाऱ्यांत कुजबुज होती, इथे पैसे देऊन धर्म बदलतात वगैरे. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी रविवारच्या प्रार्थनेचा व्हिडिओ टाकला, त्याखाली नाही नाही ते लिहिलं गेलं, आणि घरमालकांनी महिन्याच्या आत खोली रिकामी करायला सांगितलं. आम्ही काही जण घरमालकांना भेटायला गेलो. एक कॅथलिक सिस्टर, आमच्या मंडळीचे एक ज्येष्ठ, ते मेथडिस्ट काका आणि मी. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा पाजला. म्हणाले, "तुमचं काही चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण मला याच गल्लीत राहायचंय." त्यांचा निर्णय बदलला नाही. निघताना सिस्टरांनी त्यांच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, दवाखान्याचा पत्ता दिला. त्या आजी आज त्याच दवाखान्यात जातात. शेजारच्या दोन घरांतल्या बाया मग आमच्याशी बोलू लागल्या. त्यातल्या एक बौद्ध, आणि त्यांचे सख्खे चुलते ख्रिस्ती! एकाच घरातल्या एका भावानं बाप्तिस्मा घेतला, दुसऱ्यानं १९५६ नंतर धम्म स्वीकारला, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. त्या म्हणाल्या, "आम्हाला भीती तुमच्या देवाची नव्हती. आत काय चालतं ते कोणी सांगत नव्हतं, याची होती." दार लावून प्रार्थना करणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच हे लागू होतं.

आता जागेचा प्रश्न उरला. आमच्या चर्चचा छोटा हॉल रविवारी दुपारी रिकामा असतो. मी आणि आणखी दोघांनी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीकडे अर्ज दिला, की तो सातपूरच्या संगतीला द्यावा. ज्यांच्याकडे आपली माणसं गेली, त्यांनाच आपली जागा द्यायची! कमिटीत रात्री उशिरापर्यंत बोलणं चाललं. एका पंचांचा स्वतःचा भाऊ सातपूरला जाऊ लागला होता आणि भावाभावांत अबोला होता. ते म्हणाले, "आज हॉल, उद्या माणसं." कोणी विजेच्या बिलाचं विचारलं, कोणी आवाजाचं. मी काही मोठं बोलले नाही. २०२१ मधल्या त्या मातीची गोष्ट सांगितली, आणि विचारलं की तेव्हा कोणी त्या काकांना अडवायला हवं होतं का. नाशिकची माणसं आहोत आपण, एवढंही म्हटलं. याच शहरात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षं चालूनही दार उघडलं नाही. बंद दार म्हणजे काय हे आपल्यातल्या बहुतेक घरांना आजा-पणज्यापासून ठाऊक आहे.

त्या बैठकीत ठरलं नाही. पुढच्या बैठकीतही नाही. मग पाळकांनी एक वेगळी गोष्ट केली. त्यांनी त्या पंचांना आणि सातपूरच्या पास्टरांना आपल्या घरी जेवायला बोलावलं, फक्त दोघांना. काय बोलले ते मला ठाऊक नाही आणि मी विचारलंही नाही. त्यानंतर करार झाला, साधा, एका कागदावर. साउंड सिस्टीम लावायची नाही. विजेचे पैसे संगतीनं द्यायचे. आमच्या रजिस्टरमधल्या कोणाला बाप्तिस्मा किंवा सभासदत्व द्यायचं तर आधी दोन्ही पाळकांनी एकमेकांशी बोलायचं, आणि तिकडून कोणी इकडे आला तरी तसंच. पंचांनी सही केली. भावाशी बोलणं लगेच सुरू झालं असं नाही, पण पहिल्या रविवारी खुर्च्या मांडायला ते स्वतः हॉलवर आले होते आणि भाऊही तिथेच खुर्च्या मांडत होता.

या सगळ्यात मला नारायण वामन टिळकांचा फार आधार वाटला. त्यांनी १९१७ मध्ये साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात जागा दिली. मिशनच्या पगाराला रामराम ठोकून केलं ते. आणि लक्ष्मीबाई तर आमच्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, वारल्याही नाशिकला १९३६ मध्ये. नवरा ख्रिस्ती झाल्यावर कित्येक वर्षं त्या आपलं सोवळं सांभाळून राहिल्या. टिळकांनी ओढून त्यांना चर्चमध्ये नेलं नाही. जात त्यांनी स्वतःच्या विचारानं सोडली, आणि सोडली ती अशी की घरात कोणाचीही पोरं वाढू लागली. आमच्यातले काही जण अधीर होतात, सगळ्यांनी लवकर सारखं व्हावं म्हणतात. त्यांना मी लक्ष्मीबाईंची आठवण देते. शेजारी बसून वाट पाहणं हेसुद्धा विश्वासाचंच काम आहे.

सातपूरच्या पास्टरांना मूर्तींचं वावडं आहे आणि ते त्यांनी लपवलेलं नाही. फेब्रुवारीत नाशिक रोडला बाळ येशूची यात्रा भरते, सगळ्या धर्मांचे लोक लांबून येतात, तेव्हा ते देवळात आले नाहीत. पण बाहेर उन्हात पाणी वाटणाऱ्या स्वयंसेवकांत दिवसभर उभे राहिले. फादरांनी त्यांना आत या म्हटलं नाही, आणि त्यांनीही लोकांना बाहेर थांबा म्हटलं नाही. दोघांनी दुपारी एकत्र डबा खाल्ला.

एक कुटुंब आमच्यातून गेलं. त्यांना वाटलं, जातीचा विषय उकरून आम्ही जुनी घाण वर काढतोय. मी त्यांच्या घरी जाते, त्यांनी दार बंद केलेलं नाही. देवळाली कॅम्पातून काही केरळी आणि तमिळ घरं यायची म्हणतात, तर भाषेचं कसं करायचं हा नवा प्रश्न आहे. मराठी सोडायला आमचे म्हातारे तयार नाहीत, आणि मलाही ते पटतं, पण त्यांच्या स्तोत्रांना जागा द्यावीच लागेल. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्त्रियांचा जागतिक प्रार्थना दिन असतो, तो या वर्षी सगळ्या मंडळींच्या बायांनी मिळून करायचा आहे. त्यासाठी त्या बौद्ध ताईंनी आपली गच्ची देऊ केली आहे. पायऱ्या अरुंद आहेत, म्हाताऱ्यांना वर कसं न्यायचं ते ठरवायला शनिवारी संध्याकाळी माझ्या घरी बसतोय. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, कोणत्या मंडळीचे हे दारात कोणी विचारणार नाही.